मोनो, खुळो आणि 'इंतेर्दीतु' : पेडण्यातल्या एका मुलाचा कागदावरचा माग

आमच्या मंडळात बहुतेक जण देवळं, वीरगळ, जुन्या वाटा यांवर लिहितात. पार्सेच्या भगवतीच्या देवळावर लिही, असं मलाही दोनतीनदा सांगून झालं. पण मला कधीपासून एक मुलगा आठवतोय. आधी त्याच्यावर लिहितो.

साल १९७१-७२ असेल. आमच्या वाड्यावरच्या काकीचा मुलगा, माझ्याच वयाचा, सात-आठ वर्षांचा. बोलत नसे. अंगणात काजूच्या बियांची ओळ लावत बसायचा, तुळशीपासून पार गडग्यापर्यंत. एक बी जरी कोणी हलवली तरी किंचाळायचा. आम्ही मुद्दाम हलवायचो. कोणी त्याला मोनो म्हणे, म्हणजे मुका, कोणी खुळो. काकी म्हणायची, "मोनो न्हय तो. तेका सगळा कळता, फकत उलयना." शेतावर जाताना ती त्याला ओसरीच्या खांबाला लांब दोरीनं बांधून जायची, जवळ पाण्याचा तांब्या आणि बियांची टोपली ठेवून. विहीर उघडी होती. तेव्हा ते आम्हाला क्रूर वाटायचं. आज वाटत नाही.

उपाय झालेच नाहीत असं नाही. देवीला गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. सीमेवरच्या देवचाराला रोट आणि सोरो दिला, कारण पोर दुपारचं रानात भटकलं होतं आणि तिथंच त्याला 'धरलं' असं कोणीतरी सांगितलं होतं. पणजीला आल्तिनोवर मनोरुग्णांसाठी आबादे फारिया इस्पितळ १९५७ पासून होतं. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या, संमोहनविद्येत नाव काढलेल्या आबे फारियाचं नाव त्याला दिलेलं. पण तिथं पोचायचं म्हणजे चोपड्याहून फेरीबोटीनं शिवोली, तिथून बसनं म्हापसा, मग पणजी. मांडवीवर १९७० मध्ये पूल झाला होता, त्यामुळे बेतीची फेरी तेवढी वाचली असती. काकी गेली नाही. "थय पिशे आसतत. माजो पिसो न्हय," म्हणाली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

त्या मुलाला आज डॉक्टर बहुधा स्वमग्न म्हणतील. 'बहुधा' एवढंच म्हणतो, कारण इतिहास लिहिणाऱ्यानं मेलेल्या माणसाचं निदान करू नये. शिवाय तो शब्दही तसा नवाच. अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांवरचा लेख छापला तो १९४३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १९४४ ला, मुंबईत वकील दांपत्यानं आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शाळा काढली, तीच आजची जय वकील शाळा. त्या वेळी गोव्यात सालाझारची राजवट होती आणि आमच्याकडे मोनो, खुळो, पिसो हे तीनच शब्द होते.

मग अशी मुलं जुन्या कागदांत सापडतील कुठं? मला एकच दार दिसतं, ते म्हणजे जमिनीचं.

पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आलं. त्यांचा १८६७ चा दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यात 'मेंतेकाप्तु', म्हणजे मती नसलेला, अशा माणसाचे व्यवहाराचे अधिकार कोर्टानं काढून घ्यायची तरतूद होती. असा माणूस 'इंतेर्दीतु' ठरे. त्याच्यावर पालक नेमला जाई आणि त्यावर नातेवाइकांचं कुटुंबमंडळ बसे. बहिऱ्या-मुक्यांसाठीही त्याच धर्तीची कलमं होती. वारसांत कोणी अज्ञान किंवा इंतेर्दीतु असला, तर मालमत्तेची इन्व्हेंटरी कोर्टातून करणं सक्तीचं असे. म्हणजे भाटकाराच्या घरातलं न बोलणारं पोर वाटणीच्या वेळी कागदावर येऊ शकत होतं. काकी मुंडकार. घराखालची जमीनसुद्धा तिची नव्हती. तिच्या मुलाचा वाटा कशातच नव्हता, म्हणून त्याला कागदही नाही.

आपल्या कायद्यांचंही तसं उशिराच झालं. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात मतिमंदत्व होतं, स्वमग्नता नव्हती. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांतला एक म्हणून.

गोव्यात १९९६ मध्ये 'संगत' ही संस्था सुरू झाली. आज तिचं नाव मोठ्यांच्या नैराश्यावरच्या कामासाठी घेतलं जातं, पण सुरुवात मुलांच्या विकासातल्या अडचणींपासून झाली होती, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. त्यांनी आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या मंडळींनी मिळून ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१६ मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचारावरच्या नियतकालिकात छापून आला. पद्धत मूळ इंग्लंडमधली. पण इथं तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते कामाला लावले. आई मुलाबरोबर खेळते त्याचं चित्रीकरण करायचं आणि ते आईबरोबरच बसून बघायचं : मूल कशाकडे बघतंय, तू त्याच्या मागून गेलीस की त्याला ओढलंस? आई मुलाच्या कलानं जायला लागली की मूल आपण होऊन जास्त वेळा संवाद सुरू करतं, असं त्यात दिसलं. बोलणं लगेच सुधारलं, असा दावा मात्र त्यांनी केला नाही. मला ते प्रामाणिक वाटलं.

हे वाचताना मला काकी आठवली. संध्याकाळी शेतावरून आली की दोरी सोडायची आणि त्याच्या शेजारी खाली बसून ओळीच्या शेवटी एक बी ठेवायची. मग तो एक ठेवायचा. परत ती. दिवेलागणीपर्यंत चालायचं. आम्ही गडग्यावरून बघायचो आणि म्हणायचो, काकीसुद्धा खुळी झाली.

तो विसाव्या वर्षाच्या आतच तापानं गेला. फोटो नाही.

पेडणे-डिचोलीत कोणाच्या घरी जुन्या इन्व्हेंटरीचे पोर्तुगीज कागद असतील, तर वारसांच्या यादीत 'इंतेर्दीतु' किंवा 'मेंतेकाप्तु' हा शब्द शोधून बघा. सापडला तर मंडळाला कळवा. नावं छापणार नाही. साल आणि वय तेवढं हवं.