गाभा बांधण्याची रीत
लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी संगणकशिक्षणाला पुढे नवे वळण देणाऱ्या लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये खुली केली. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा, जो प्रोसेसर, मेमरी आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहतो. त्या काळातील तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रांवर अनावश्यक ड्रायव्हर वगळून स्वतःपुरता कर्नल बांधणे ही चैन नव्हे, गरज होती, आणि केलेली निवड ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलमध्ये नोंदलेली राही. नव्या आवृत्तीकडे वळताना हीच फाइल पुढे नेता येई व केवळ नव्याने आलेल्या पर्यायांचीच विचारणा होई, ही सोय खरोखर दूरदृष्टीची म्हणावी लागेल. मात्र २.४ वरून डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कडे जाताना एवढ्याने भागत नसे: मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला मागाहून जोडता येणारे भाग, चढवण्याची साधनेच बदलली होती, आणि ती आधी बसवली नाहीत तर कर्नल सुरू होऊनही मॉड्यूलवर विसंबलेले नेटवर्क कार्ड मुके राही, म्हणून जाणकार मंडळी जुना कर्नल न पुसता, तो बूटच्या यादीत राखूनच यंत्र पुन्हा सुरू करीत.