पोलीस आणि लोकशाही : अटकेनंतरचे पहिले चोवीस तास

पोलीस कायदा राबवतात, आणि लोकशाहीत तोच कायदा पोलिसांनाही बांधतो. हे बंधन खरं आहे की कागदावरचं, ते कळतं अटकेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत.

आपल्या परभणी जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस घरी परतलाच नाही. तो पळाला असं पोलिसांनी सांगितलं. पुढे सीआयडी तपासात त्याचा मृत्यू कोठडीतच झाल्याचं समोर आलं. त्याच्या अम्मी आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टात लढल्या. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीतच संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. एक मुसलमान, एक दलित. दोन्ही घरांचा प्रश्न एकच.

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात रात्री कुणाला उचलून नेलं, तर घरचे आधी पुढाऱ्याला फोन लावतात. आम्ही म्हणतो, फोन जरूर लावा, पण आपला हक्कही माहीत असू द्या.

• संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगणं, पसंतीच्या वकिलाला भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे.
• डी. के. बसू निकालाने (१९९६) अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.
• कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.
• मारहाण झाली असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्याच हजेरीत सांगा.

प्रकाश सिंह निकालात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक अशा तक्रारी तिथे करता येतात.

पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारीख-वेळ टिपून ठेवा. तोंडी बोलणं कोर्टात टिकत नाही, शिक्क्याचा कागद टिकतो. चांगल्या पोलिसालाही याचं वावडं नसतं. नियमाने वागणाऱ्याला हाच कागद वाचवतो.