कुलशोध आणि आप्तांचे मौन

ज्ञातीच्या स्मरणिकेत वंशावळीस मानाचे स्थान असते आणि ते योग्यच आहे. परंतु वंशावळ ही एकट्याने घरी बसून लिहावयाची वस्तू नव्हे. ती आप्तांच्या उत्तरांवर उभी राहते. ज्या शाखेकडून उत्तर येत नाही ती शाखा कागदावर तेथेच खुंटते. ही उत्तरे पूर्वी कशी मिळत आणि आज डी.एन.ए. परीक्षेच्या काळात ती का अडतात, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

चितेगावकरांस हा प्रश्न विशेष जवळचा आहे. पैठण तालुक्यातील हा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे जुने सरकारी दप्तर पुष्कळसे उर्दूत आणि घरचे कागद मोडीत. दोन्ही वाचणारे आता विरळ. पुढे १९६५ साली जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये ते राष्ट्रास अर्पण झाले, आणि गोदाकाठची अनेक गावे नाथसागराच्या पोटात गेली. कुटुंबे मिळेल तेथे वसली. त्यानंतर पैठण मार्गावर कारखाने उभे राहिले आणि तरुण मंडळी पुण्या-मुंबईस व परदेशी गेली. एका खापरपणजोबांचे वंशज आज परस्परांस नावानेही ओळखत नाहीत.

या कामी आपले जुने गुरू म्हणजे तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आढळते. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. उपाध्याय यजमानास गाव व आडनाव विचारतो, वही उघडतो आणि त्याच्या आजोबांचे नाव त्यालाच वाचून दाखवितो. आजोबांचे नाव कानी पडताच यजमान आपल्या मुलाबाळांची नावे आपण होऊन सांगतो व खाली सही करतो. येथे देणे आधी घडते, मागणे मागाहून.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, घरोघरी गेले. दप्तर दाखविल्यास वतनाचा तंटा उपस्थित होईल किंवा घराण्याचे काही उणे बाहेर येईल, ही भीती त्या काळी घरोघर होती. विसाव्या शतकात निघालेल्या कुलवृत्तांतांच्या संपादकांनाही पाठविलेले माहितीपत्रक भरून येण्यासाठी पुनःपुन्हा विनवण्या कराव्या लागल्या. मौन हे आजचे नव्हे.

आता नव्या साधनाकडे वळू. इ.स. २००० च्या सुमारास अमेरिकेत घरबसल्या डी.एन.ए. परीक्षा करून घेण्याची सोय झाली. लाळेचा नमुना पाठविला म्हणजे ज्यांचा अंश आपल्याशी जुळतो अशा माणसांची यादी कंपनी देते. सख्ख्या चुलत, आते, मामे व मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के अंश समान असतो. पणजोबा एक असल्यास सुमारे तीन टक्के. खापरपणजोबा एक असल्यास एका टक्क्याहूनही कमी. यादी पाहून पुष्कळ ज्ञातिबांधव उत्साहाने पत्रे धाडतात. महिने लोटतात, उत्तर येत नाही.

याचे एक कारण आपल्या वंशावळींतच आहे. खापरपणजोबांच्या पिढीत प्रत्येकाची सोळा माणसे, म्हणजे आठ दांपत्ये असतात. त्यांपैकी आपल्या आडनावाचे दांपत्य बहुधा एकच. उरलेली सात आई, आजी, पणजी यांच्या माहेरची. आमच्या पूर्वजांनी मुलांची नावे लिहिली आणि लेकींची गाळली. त्यामुळे ज्याच्याशी अंश जुळतो त्याचे आडनाव आपणांस अनोळखी, आणि आपले त्याला. केवळ आडनाव लिहून ‘आपण कोण?’ असे विचारल्यास तो बिचारा काय उत्तर देणार?

दुसरी गोष्ट आकड्यांची. आपल्याकडे विवाह शतकानुशतके ज्ञातीतच झाले. मामाची मुलगी करण्याचीही चाल आहे. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. संस्थेतील के. थंगराज व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूहांत, ते थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांहूनही ठळक आढळल्या. अशा समूहात दूरचा आप्तही यादीत जवळचा भासतो. तेव्हा ‘आपण माझे चुलत बंधू आहात’ असे ठासून लिहू नये.

काही मौने भीतीची असतात. जमिनीत हिस्सा मागतील, ही शंका अजून गेलेली नाही. २०२३ साली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली, हेही लोक विसरलेले नाहीत. काहींनी केवळ कुतूहलाने परीक्षा केलेली असते. ते यादी पुन्हा उघडतही नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी की, पत्र उपाध्यायाच्या रीतीने लिहावे. आरंभी आपले नाव, गाव, आई व आजी यांची माहेरे आणि दिवंगत पूर्वजांची चार नावे द्यावी. हयात माणसांची माहिती त्यांच्या संमतीवाचून लिहू नये. मालमत्तेशी या शोधाचा संबंध नाही, हे एका वाक्यात सांगावे. मग एकच प्रश्न विचारावा, जसे ‘आपल्या आजीचे माहेर गोदाकाठी होते काय?’ त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. परदेशी वाढलेल्या नातवास मराठी वाचता येत नसेल, तर त्याच्या भाषेत लिहावे. उत्तर न आल्यास दिवाळीच्या निमित्ताने एकदा स्मरण द्यावे. त्यापुढे तगादा लावू नये. मधल्या काळात दोघांशीही जुळणाऱ्या तिसऱ्या आप्ताकडे विचारणा करावी. उत्तर आले, तर आपल्या शोधाचे फळ त्यासही कळवावे.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू. वंशावळीत पुत्र म्हणून लिहिलेला पुरुष दत्तक होता, हे त्याच्या नातवंडांस कदाचित ठाऊकही नसेल. कोणा पूर्वजाने ज्ञातीबाहेर विवाह केला असेल आणि त्यापायी त्याच्याशी संबंध तुटला असेल. असे काही यादीतून दिसल्यास ते परक्या घरात पत्राने टाकण्याचा अधिकार आपणांस नाही. धर्मशास्त्राने आणि कायद्याने दत्तकास पुत्र मानले आहे. कुलवृत्तांतानेही तसेच मानावे. आणि या परीक्षेतून ज्ञातीच्या शुद्धतेचा दाखला मिळेल, ही आशा तर सोडूनच द्यावी. तो मिळत नाही आणि मागूही नये.

परीक्षा दहा वर्षांनीही करता येईल. परंतु पणजीचे माहेर सांगणारी आजी तोवर असेल याचा भरवसा नाही. ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, यंदा आपापल्या घरच्या वंशावळीत लेकी-सुनांची नावे त्यांच्या गावांसह भरून घ्यावी. पुढे कोणा अनोळखी आप्ताचे पत्र आले, तर त्यास देण्याजोगे उत्तर आपल्यापाशी असेल.