हिरड्यांच्या रोगांवरील उपचारांचा इतिहास

हिरड्या व दातांना आधार देणारी भोवतालची ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचे समूह) यांच्या जंतुजन्य शोथास (दाहयुक्त सुजेस) परिदंत रोग म्हणतात. व्यवहारात ‘पायोरिया’ हे नाव रूढ आहे. आरंभी हिरड्या लाल होतात व त्यांतून रक्त येते. ही अवस्था पूर्ण बरी होऊ शकते. पुढे हिरडी दातापासून सुटून कप्पा तयार होतो, जबड्याचे हाड झिजते व दात हलू लागतात. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. त्यामुळे दात काढावा, हिरडी कापावी की मूळ स्वच्छ करून दात राखावा, हा प्रश्न या उपचारांच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

सुश्रुतसंहितेत दंतमूलगत रोगांची संख्या १५ दिली आहे. त्यांपैकी ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते. त्यावर रक्तमोक्षण (दूषित रक्त काढणे) आणि सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा इत्यादींच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या आहेत. दातांवरील कठीण कीटण (दंतशर्करा) दंतमुळांना इजा न करता काढावे, ही त्या ग्रंथातील सूचना आजही ग्राह्य ठरते. दहाव्या शतकात कॉर्डोव्हा येथील अबुल कासिम अल्-जहरावी यांनी कीटण खरवडण्याच्या अनेक हत्यारांची चित्रे दिली. फ्रेंच दंतवैद्य प्येअर फोशार यांच्या १७२८ मधील ग्रंथातही अशा हत्यारांचे वर्णन आहे.

अमेरिकन दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी १८७६ मध्ये हिरडीखालील कीटण काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. रोबिचेक यांनी १८८४ मध्ये रोगट हिरडी कापून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली. तर १९१८ मध्ये स्वीडनचे विडमन यांनी हिरडी उचलून मूळ साफ करण्याची व ती पुन्हा बसविण्याची पद्धत वर्णिली. दरम्यान, मुखातील जंतुदोष सर्व शरीरास बाधतो, असे ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये प्रतिपादिले. त्यांच्या मताचा प्रभाव पडून राखण्याजोगे असंख्य दातही काढले गेले.

या वादास नवे वळण १९६५ मध्ये मिळाले. हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. सुमारे तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. दातांवरील जंतूंचा थर हे हिरड्यांच्या शोथाचे कारण असल्याचे यावरून सिद्ध झाले. त्यानंतर कीटण काढणे, मुळांची सफाई व रोजची स्वच्छता यांस प्रथम स्थान आले. खोल कप्प्यांसाठी शस्त्रक्रिया व निवडक रुग्णांत प्रतिजैव औषधे वापरतात. विशिष्ट पडदा घालून गमावलेली ऊतके काही प्रमाणात पुन्हा वाढविण्याची पद्धत १९८० नंतर प्रचारात आली.

महाराष्ट्रात दंतवैद्यकाच्या शिक्षणास मुंबईतील नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयामुळे (१९३३) चालना मिळाली. दंतवैद्य अधिनियमाने (१९४८) या व्यवसायाचे देशभर नियमन झाले. तथापि शिक्षण व कायदा यांनी सवयी बदलत नाहीत. भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांवर घासण्याची प्रथा राज्यात दीर्घकाळ चालत आली. तिने हिरड्या व दातांचा आधार क्षीण होतो. धूम्रपानाने रक्तस्राव कमी दिसून रोग झाकला जातो, तर मधुमेहात तो बळावतो.

ठाण्यातील वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणाऱ्या कामगारापुढे हा प्रश्न रोजीशी निगडित असतो. दात काढण्यास बहुधा एक खेप पुरते. तो राखण्यास अनेक खेपा व पुढील नियमित तपासणी लागते, आणि प्रत्येक खेपेस पाळी बुडते. म्हणून उपचार ज्ञात असूनही वाचू शकणारे दात गमावले जातात. हिरड्यांतून रक्त येते तेव्हाच केलेली सफाई हा यावरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय.