पिसले, पण मिसळले का?

दिवाळीत आमच्या घरी दुपारी बदाम सात रंगायचा. डाव संपला की चारही रंगांची पाने ओळीने मांडलेली असत. ती तशीच गोळा करून चार-पाच वेळा पिसायची, शेजाऱ्याने कापायची आणि मेंढीकोटासाठी पाच, चार, चार अशी वाटायची. मग कुणाच्या तरी हातात किलवरची पाच पाने एकापाठोपाठ येत आणि ‘लबाडी!’ असा गलका होई. खरे तर लबाडी कुणीच केलेली नसे. पत्ते पिसले होते, पण मिसळले नव्हते.

या दोन क्रियापदांतले अंतर जादूगारांना निदान चारशे वर्षांपासून माहीत आहे. पिसणारे हात दिसले की क्रम मोडला, असे आपण धरून चालतो. त्याच भरवशाच्या आडोशाने, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, पत्त्यांचा क्रम गुपचूप लावता येतो. या विद्येची जुनी पुस्तके वाचताना माझे लक्ष गेले ते ती फोडणाऱ्या माणसांकडे. गुपित फुटले की जादू मरते, असा समज आहे. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

पहिला माणूस इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला रेजिनल्ड स्कॉट. त्याचे ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हे पुस्तक १५८४ मध्ये निघाले. तेव्हा तिथे चेटकीण ठरवून बायकांना फासावर चढवले जात होते. अद्भुत दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी माणसाच्या हातांनी होतात, हे दाखवण्यासाठी स्कॉटने जादूच्या खेळांची फोड केली. पत्त्यांबद्दल तो सांगतो की, चपळाईने पिसावे, पण एखादे ओळखीचे पान तळाशी किंवा ठरल्या जागी राखावे. एवढ्या एका पानावर पुढचा सारा खेळ उभा राहतो. स्कॉटने गुपित फोडले ते माणसांचे जीव वाचावेत म्हणून. त्यानंतर नऊच वर्षांनी, १५९३ मध्ये, व्हेनिसला होरातिओ गलास्सोचे छोटे पुस्तक छापले गेले. त्यात एक पान राखण्याच्या पुढे जाऊन पत्ते नियमाने आधीच लावून ठेवण्याची रीत आहे.

दुसऱ्या माणसाचे खरे नाव आजही वादात आहे. १९०२ मध्ये शिकागोत ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक लेखकाने स्वतःच प्रसिद्ध केले. त्यावर नाव होते एस. डब्ल्यू. अर्डनेस. इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की ‘ई. एस. अँड्र्यूज’ असे नाव निघते. १९४६ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी पुस्तकाचे चित्रकार मार्शल स्मिथ यांना शोधून काढले, पण लेखकाच्या नावाचा उलगडा झाला नाही. पुस्तक लिहिण्यामागचे कारण अर्डनेसने प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे : पैशांची गरज.

त्याने शिकवलेले पिसणे आपल्या घरातल्यासारखेच आहे. कॅट एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाने थोडी थोडी सोडत जायची. मात्र काही पाने अंगठ्याने एकेक सोडून मोजायची, आणि एक पान मनगटाकडे किंचित बाहेर राहू द्यायचे. वरून ते दिसत नाही, पण बोटाला लागते. पिसून झाल्यावर त्या पानापाशी कॅट तोडला की हवी ती पाने हवी तिथे येतात. पाच जणांच्या डावात वाटणाऱ्याला स्वतःकडे चार एक्के हवे असतील, तर दर दोन एक्क्यांमध्ये चार परकी पाने सोडावी लागतात. हे सगळे बोलता बोलता, दोन-तीन वेळा पिसण्यात उरकायचे.

जुगाऱ्यांचे हे पुस्तक पुढे जादूगारांनी पाठ केले. ओटावात जन्मलेल्या डाय व्हर्नन यांनी ते लहानपणापासून अभ्यासले आणि विसाव्या शतकातली जवळून दाखवायची पत्त्यांची जादू घडवली. हात तेच, फसवणूकही तीच. फरक एवढाच की जादूगारापुढे बसलेल्याने फसायला आधीच होकार दिलेला असतो.

याच व्हर्नन यांच्यासोबत चौदा वर्षांचा एक मुलगा न्यूयॉर्कचे घर सोडून निघाला : पर्सी डायकोनिस. हा तिसरा माणूस. जादूच्या वाटेवरून तो गणिताकडे वळला, रात्रीच्या महाविद्यालयात शिकला आणि १९७४ मध्ये हार्वर्डचा डॉक्टर झाला. त्याने घेतलेला धागाही जादूगाराचाच होता. कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा फरफरत एकमेकांत गुंतवण्याच्या रीतीला ‘रिफल’ म्हणतात. १ ते ५२ असा लावलेला कॅट एकदा रिफल केला तर २६ आधीचे आणि २६ नंतरचे अशा दोन साखळ्या एकमेकींत मिसळतात, पण प्रत्येकीचा आतला क्रम शाबूत राहतो. तीनदा रिफल केले तरी अशा साखळ्या जास्तीत जास्त आठच. एखाद्याने मधले एक पान काढून दुसरीकडे सारले, तर ते एकटे पडते आणि ओळखू येते. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स जॉर्डनने या तत्त्वावर टपालाने करायची जादूसुद्धा रचली होती.

१९९२ मध्ये डायकोनिस आणि डेव्हिड बायर यांनी या साखळ्यांचे पक्के गणित मांडले. क्रम किती शिल्लक आहे, हे एक ते शून्य अशा मापाने मोजले, तर चार रिफलनंतरही ते जवळपास एकच राहते. पाचनंतर ०.९२, सहानंतर ०.६१ आणि सातनंतर ०.३३. त्यापुढे दर वेळी ते साधारण निम्मे होत जाते. ‘सात वेळा पिसा’ हा सल्ला इथून आला.

हे केवळ कागदावर राहिले नाही. पत्ते आपोआप पिसणारे एक यंत्र जुगारघरांसाठी तयार झाले तेव्हा डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. नीट मिसळलेल्या कॅटमधली पाने एकेक उघडत पुढचे पान ओळखत गेले, तर ५२ पैकी सरासरी साडेचार बरोबर येतात. या यंत्रातून पिसलेल्या कॅटमधली साडेनऊ येत होती. ज्या विद्येने जुगाऱ्यांनी टेबलावरच्यांना लुबाडले, तीच विद्या यंत्राचा दोष दाखवायला कामी आली. स्कॉटने उघडलेले दार चारशे वर्षांनी इथवर पोचले. तिघांनीही गुपित फोडले, आणि पत्त्यांची जादू अजून जिवंत आहे.

राहिला आमचा मेंढीकोट. सातचा आकडा रिफलचा आहे. हातात धरून पिसण्याला कितीतरी पट जास्त वेळा लागतात, आणि तेवढा धीर कुठल्याच घरात नसतो. पण लहान मुले करतात ते फार चांगले : पाने सतरंजीवर पसरून दोन्ही तळव्यांनी घोळायची. डायकोनिस यांच्या चाचण्यांत मिनिटभराचे घोळणे पुरेसे ठरले. आमच्याकडे मोठी माणसे त्यावरून रागवायची, पाने दुमडतात म्हणून.