मणक्यांची ओढाताण : कायरोप्रॅक्टिक हे वैद्यकशास्त्र आहे काय?

मणक्यांवर हाताने विशिष्ट दाब किंवा झटका देऊन केल्या जाणाऱ्या उपचारांना 'कायरोप्रॅक्टिक' म्हणतात. 'हात' आणि 'कृती' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात या व्यवसायाला कायद्याची चौकट आहे. तेथे त्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. असे असूनही हे वैद्यकशास्त्र आहे की नाही, या वादावर सव्वाशे वर्षांनंतरही पडदा पडलेला नाही. समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी मान 'कट्टकन' वाजविण्याचे वेड घरोघरी पोहोचविले आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतही या उपचारांच्या पाट्या दिसू लागल्या. त्यामुळे हा वाद समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

या पद्धतीचा जनक डॅनियल डेव्हिड पामर हा डॉक्टर नव्हता. कॅनडात १८४५ साली जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे चुंबकीय उपचार करीत असे. त्याच इमारतीत सफाईचे काम करणाऱ्या हार्वे लिलार्ड याला ऐकू येत नव्हते. १८ सप्टेंबर १८९५ रोजी आपण त्याच्या पाठीचा सरकलेला मणका जागेवर बसविला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा पामरचा दावा होता. या घटनेच्या हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. शिवाय श्रवणाची नस कानापासून मेंदूपर्यंत कवटीच्या आतूनच जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. पामरने मात्र त्या एका अनुभवावर संपूर्ण सिद्धान्त उभारला. शरीरात एक उपजत चैतन्यशक्ती मज्जातंतूंवाटे वाहते, मणके सरकले की तिच्या मार्गात अडथळा येतो आणि शंभरांपैकी ९५ आजारांचे मूळ तेथेच असते, असे तो सांगे. मणक्याच्या या कथित सरकण्याला 'सबलक्सेशन' असे नाव मिळाले. पुढील सारी भांडणे या एका शब्दाभोवती फिरत राहिली.

परवान्याविना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून पामरला १९०६ मध्ये तुरुंगात जावे लागले. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथे शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर खटला झाला. बचावाचा युक्तिवाद असा होता, की कायरोप्रॅक्टिक ही ऑस्टिओपॅथी नव्हे आणि वैद्यकही नव्हे; ती सर्वस्वी वेगळी विद्या आहे, सबब वैद्यकाचा कायदा तिला लागू होत नाही. मोरिकुबो निर्दोष सुटला. ज्या व्यवसायाने आपण वैद्यक नाही असे न्यायालयात सांगून स्वतःचा बचाव केला, त्याच व्यवसायाने पुढे वैद्यक म्हणून मान्यता मागावी, हा या इतिहासातील मासलेवाईक भाग होय. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये परवान्याचा पहिला कायदा केला आणि १९७४ मध्ये लुइझियाना या शेवटच्या राज्यानेही मान्यता दिली. 'मेडिकेअर' या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेत १९७२ च्या दुरुस्तीने या उपचारांचा समावेश झाला. त्यातही पैसे मिळतात ते मणक्यांवरील हाताच्या उपचारांपुरतेच.

दरम्यान अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने कंबर कसली होती. भोंदूगिरीविरोधी समिती संघटनेने १९६३ मध्ये नेमली. कायरोप्रॅक्टिकला प्रथम आवर घालणे आणि अखेरीस ते संपविणे हे या समितीचे उद्दिष्ट असल्याचे तिच्या अंतर्गत कागदपत्रांतूनच पुढे उघड झाले. अवैज्ञानिक उपचार करणाऱ्यांशी डॉक्टरांनी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत, असा नियम संघटनेच्या नीतिसंहितेत होता. परिणामी रुग्ण पाठविणे, क्ष-किरण तपासणीचे अहवाल देणे, एकत्र शिकविणे हे सारे निषिद्ध ठरले. दोन्ही पक्ष एकमेकांच्या नावाने बोटे मोडत होते आणि रुग्ण मधल्या मध्ये अडकला होता.

चेस्टर विल्क आणि अन्य चार कायरोप्रॅक्टरांनी १९७६ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. पहिल्या सुनावणीत ज्यूरीने संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण अपिलात तो रद्द झाला. फेरसुनावणीनंतर २७ ऑगस्ट १९८७ रोजी न्यायाधीश सुझान गेट्झेनडॅनर यांनी संघटनेने बहिष्काराचा बेकायदा कट केल्याचा निष्कर्ष काढला. मनाई हुकूम संघटनेला स्वतःच्याच नियतकालिकात छापावा लागला. १९९० मध्ये अपील न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. कायरोप्रॅक्टर मंडळी हा निकाल आजही अभिमानाने पुढे करतात. मात्र आपला निर्णय कायरोप्रॅक्टिकच्या शास्त्रीय सत्यतेवर शिक्कामोर्तब नाही, असे न्यायाधीशांनी स्वच्छ नमूद केले होते. बहिष्कार बेकायदा होता, एवढेच सिद्ध झाले. उपचार गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा प्रयोगानेच व्हायचा.

आणि प्रयोग झालेले आहेत. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीच्या ३२१ रुग्णांना तीन गटांत विभागण्यात आले. एका गटाला फिजिओथेरपी देण्यात आली, दुसऱ्याला कायरोप्रॅक्टिक उपचार आणि तिसऱ्याच्या हाती केवळ माहितीपुस्तिका! पहिल्या दोन गटांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे आले आणि पुस्तिकेच्या तुलनेत त्यांचा लाभ किंचितच अधिक भरला. खर्च मात्र बराच जास्त. पुढे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०१९ मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा छापला. जुनाट कंबरदुखीत मणक्यांवरील हस्तोपचारांचा परिणाम इतर शिफारसप्राप्त उपचारांइतकाच असतो, असे त्यात दिसले. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मालिश, व्यायाम यांबरोबर या उपचारांनाही स्थान दिले. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मात्र २०१६ मध्ये अट घातली, की हे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, सुटे देऊ नयेत. थोडक्यात, कंबरदुखीपुरता दावा माफक प्रमाणात खरा ठरतो. मुलांच्या दम्याच्या बाबतीत तो टिकला नाही. १९९८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरे उपचार आणि नुसता देखावा यांत लाभदायक फरक आढळला नाही.

येथे त्या लोकप्रिय 'कट्ट' आवाजाविषयी सांगणे आवश्यक आहे. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला, की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि तिच्याशी हा आवाज निगडित असतो. बोटे मोडताना होतो तोच हा प्रकार. सरकलेले हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे. खुद्द ब्रिटनच्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेही २०१० मध्ये 'सबलक्सेशन' ही ऐतिहासिक संकल्पना असल्याचे आणि ती रोगांचे कारण असल्याला संशोधनाचा आधार नसल्याचे मान्य केले. या व्यवसायात पहिल्यापासून दोन तट आहेत. एक पामरच्या मूळ सिद्धान्ताला चिकटलेला, तर दुसरा व्यायाम आणि इतर उपचारांची जोड देणारा. बाहेरच्या माणसाला मात्र दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात.

ब्रिटनमधील सर्वांत गाजलेले प्रकरण घडले ते याच मुद्द्यावरून. मूळ पंजाबी कुटुंबातील विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी एप्रिल २००८ मध्ये 'द गार्डियन'मधील लेखात, तान्ह्या मुलांचा पोटशूळ, कानाचा संसर्ग, दमा अशा तक्रारींसाठी दिल्या जाणाऱ्या उपचारांना 'बोगस' म्हटले. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. प्रारंभी निकाल सिंग यांच्या विरोधात गेला. परंतु १ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने ते मतप्रदर्शन असल्याचा निर्वाळा दिला आणि असोसिएशनने दोनच आठवड्यांत दावा मागे घेतला. या प्रकरणातून उठलेल्या चळवळीची परिणती २०१३ च्या नव्या अब्रुनुकसानी कायद्यात झाली. तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या शास्त्रीय लेखनाला त्यात संरक्षण मिळाले.

सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो मानेवरील झटक्याचा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटले, तर पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात अशा ८१८ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघातापूर्वी कायरोप्रॅक्टरकडे जाण्याचा जसा संबंध दिसला, तसाच नेहमीच्या डॉक्टरांकडे जाण्याचाही दिसला. आधीच फाटू लागलेल्या रक्तवाहिनीमुळे मान दुखते आणि म्हणून रुग्ण दवाखाना गाठतो, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये हा धोका विरळ असून कार्यकारणभाव सिद्ध नसल्याचे म्हटले, पण उपचारापूर्वी रुग्णाला त्याची कल्पना द्यावी, असेही बजावले. धोका विरळ असला, तरी त्याची किंमत आयुष्यभराची असू शकते. मान थोड्या दिवसांत बहुधा आपोआपच बरी होते, हे ध्यानात घेतले तर हा सौदा फारसा आकर्षक वाटत नाही.

भारतात प्रश्न निराळ्या वळणावर उभा आहे. कायरोप्रॅक्टिक हे ना आधुनिक वैद्यकाच्या कायद्यात आहे, ना आयुष पद्धतींत. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी कायदा केला. फिजिओथेरपीला त्यात स्थान मिळाले, पण कायरोप्रॅक्टिकचा स्वतंत्र गट त्यात नाही. पाटी लावणाऱ्यांत काही परदेशातून पदवी घेऊन आलेले, तर काही अल्पमुदतीचे वर्ग केलेले फिजिओथेरपिस्ट आहेत. आपल्याकडे हाडवैद्याची परंपरा जुनी आहे आणि चंपीनंतर मान मोडून देणारा केशकर्तनकारही अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे हाताच्या झटक्यावर लोकांचा विश्वास लवकर बसतो. पण इजा झाली तर दाद कोठे मागायची? महाराष्ट्र वैद्यक परिषद तिच्याकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांचीच चौकशी करते. फिजिओथेरपिस्टांसाठी राज्यात २००२ च्या कायद्याने स्थापन झालेली वेगळी परिषद आहे. निव्वळ कायरोप्रॅक्टरसाठी अशी कोणतीही परिषद नाही. उरतो तो ग्राहक आयोगाचा किंवा पोलिसांचा मार्ग.

तेव्हा टेबलावर पालथे पडण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, हे विचारून घेणे रुग्णाच्या हिताचे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि कर्करोग होऊन गेलेल्यांनी झटक्याचे उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशी लक्षणे दिसली, तर कोणाच्याही हाती पाठ न देता तडक रुग्णालय गाठावे.