स्किपी : मापनयंत्रांच्या आज्ञाभाषेची कुळकथा

मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर यांसारख्या यंत्रांना संगणकावरून आज्ञा देण्याच्या प्रमाण भाषेला स्किपी म्हणतात. ‘प्रोग्रॅम करता येणाऱ्या यंत्रांसाठी प्रमाण आज्ञा’ या अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे.

या भाषेआधी केबल आली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपली यंत्रे जोडण्यासाठी एचपी-आयबी ही पद्धत तयार केली : २४ पिनांचा कनेक्टर, माहितीसाठी ८ तारा आणि एका जोडणीवर जास्तीत जास्त १५ उपकरणे. १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ म्हणून प्रमाण ठरली. प्रयोगशाळांत तिला जीपीआयबी म्हणतात.

या प्रमाणाने बाइट पोचवण्याची रीत ठरवली. त्या बाइटचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या परीने लावत राहिली. ‘एफ१’ ही आज्ञा एचपी ३४७८ए या मीटरला डीसी व्होल्ट मोजायला सांगे, तर कीथली १९६ला एसी व्होल्ट. मीटर बदलला की प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागे.

१९८७ च्या आयईईई ४८८.२ने वाक्यरचना आणि सर्व यंत्रांच्या समाईक आज्ञा ठरवल्या. ‘*आयडीएन?’ विचारले की यंत्र निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती सांगते. यंत्राने ऐकताना उदार आणि बोलताना काटेकोर असावे, हे या प्रमाणाचे सूत्र. १.५ हा आकडा कोणत्याही मान्य रूपात पाठवला तरी चालतो, उत्तर मात्र ठरलेल्याच रूपात येते.

तरी व्होल्टेज कसे मागायचे, हे ठरायचे होतेच. ते काम १९९० मध्ये स्किपीने केले. एचपीच्या टीएमएसएल या भाषेचा तिला आधार होता आणि टेक्ट्रॉनिक्स, फ्लूक, कीथली यांसारख्या प्रतिस्पर्धी कंपन्या तिच्यासाठी एकत्र आल्या. ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’ ही तिची नमुनेदार आज्ञा. कोलन मुख्य शाखेतून पोटशाखेत नेतो, प्रश्नचिन्ह उत्तर मागते. शब्दाचे लघुरूप रोमन लिपीतील पहिल्या चार अक्षरांचे असते. चौथे अक्षर स्वर असेल तर तीनच. म्हणून व्होल्टेजचे ‘व्हीओएलटी’, पण पॉवरचे ‘पीओडब्ल्यू’. ‘एफ१’सारख्या खुणेऐवजी राशीचे नाव आज्ञेत आले, हीच या भाषेची खरी कमाई. मीटर कोणाचाही असो, माणसाला आज्ञा वाचताच कळते.

स्किपीची शेवटची आवृत्ती १९९९ची. पुढे तिची जबाबदारी आयव्हीआय फाउंडेशनकडे गेली. केबल बदलली, यूएसबी आणि लॅन आले. भाषा तीच राहिली. सुटे इलेक्ट्रॉनिक भाग तपासणाऱ्या बाजारातील बहुतेक आधुनिक यंत्रांशी बोलायला आजही स्किपीच लागते.